चपटी

कसेरा बाजारात माझं दुकान म्हणजे एक पायरी.
वर पत्रा, खाली नावं घालायचं यंत्र.
अक्षराला तीन रुपये. काना-मात्रा फुकट.
लग्नसराईत दिवसाला दोनशे नावं घालते मी
डब्यांवर, परातींच्या काठांवर, तांब्यांच्या पोटांवर,
अमक्याकडून तमकीस सप्रेम.

पलाशियाहून आलेल्या मुलानं
रुमाल सोडून ती चपटी पुढ्यात ठेवली.
पणजोबा होळकरी रिसाल्यात होते म्हणाला,
ही त्यांच्या मागच्या खिशातली, अस्सल विलायती.
झाकण बसवा, आणि बुडाचा शिक्का लागतो का बघा.
लिलावात असल्या मालाला लाख लाख देतात.

मी भिंग लावलं.
शिक्क्यात सिंह होता,
पण शेपटी पाठीवर वेटोळलेली,
हलवायाच्या ओट्याखाली झोपतो
त्या कुत्र्यासारखी.
इंग्रजी एन उलटा.
अक्षरं वाचून काढलेली नव्हती,
बघून काढलेली होती,
शेजारणीची रांगोळी बघून काढावी तशी.

मग पाठ पालथी केली.
यंत्रात दाबलेला पत्रा गप्प असतो.
हा मठारलेला.
हातोडीचा ठसा ठशाला खेटून, डाळिंबाचे दाणे जणू,
आणि दर सातवा ठोका जरा खोल.
तिथे हात बदलला असेल, किंवा श्वास.

हा सातवा ठोका मी ओळखते.
नथोबा करड्यांकडे मी खिळा धरायला शिकले,
त्यांच्या हातात तो होता,
आणि ते सांगत, हा माझा नाही, बापाचा आहे.

बाप म्हणजे विसाजी तांबट.
त्याच्याकडे एकदा फुटकी विलायती चपटी आली,
सोबत निरोप : अशा बारा हव्यात, दसऱ्याच्या आत.
तांब्याचा पत्रा तापवला, विझवला,
टाकणखार लावून झाळ दिली, वर चांदीचं पाणी.
सगळं जमलं. बाक जमेना.
नमुना चेपलेला,
आणि मानकऱ्याच्या कमरेला सुतळी लावून
माप घ्यायची छाती कोणाची?
तेव्हा त्यानं ओलं गोणपाट घेतलं
आणि बाराही चपट्या
स्वतःच्या डाव्या मांडीवर वाकवल्या.
कातडं दोनदा पोळलं. चौथ्या आणि नवव्या वेळी.

पुढे कित्येक वर्षं
शिकारीला, दरबाराला, घोड्यावर, मोटारीत
बारा मानकऱ्यांच्या कमरेला
एक तांबट मांडी लावून बसला होता,
कोणाला पत्ता नाही.
त्यानं स्वतः जन्मात ताडीसुद्धा हुंगली नाही.

म्हणजे विलायती नाही? मुलानं विचारलं.
नाही.
मग किती येतील?
मी म्हटलं, मोडीत घातली तर जेवणाचे पैसे होतील.
तो हसला नाही.

भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, घेणारीचं असतं,
तारीख असते, कधी मुंजीचा मुलगाही असतो.
घडवणाऱ्याचं मी आजवर एकदाही घातलेलं नाही.
कोणी सांगितलंच नाही.
विसाजी करडे. सहा अक्षरं, अठरा रुपये.
म्हटलं, बुडाला घालू का? फुकट.
तो म्हणाला, कशाला, आणखी भाव पडेल.

झाकणाची चकती झिजली होती, तेवढी कापून बसवली.
चाळीस रुपये. उद्या न्या म्हटलं,
गळते का ते बघायला रात्र लागते.

त्याला खोटं सांगितलं नाही.
विसाजी असंच बघायचा म्हणे :
काठोकाठ पाणी, झाकण घट्ट,
आणि कागदावर उलटी.

मी परवाचं वर्तमानपत्र अंथरलं,
चपटी डोक्यावर उभी केली, ती कलंडू लागली,
तिला टेकू म्हणून कोणाच्या तरी रुखवताचा डबा लावला.
दुकानाला कुलूप घातलं.

सकाळी कागदाला हात लावून पाहिला.
मधल्या पानापर्यंत.
कोरडा.